अडीच वर्षांच्या मुलाला ती रात्र आठवते का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे काही निसटलं असेल तर कळेल. तुम्ही औसा तालुक्यातले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा तुमचं वय अडीच वर्षं. तुम्हाला लख्ख आठवतं, की लाल लुगड्यातल्या आजीनं तुम्हाला कडेवर उचललं, घरातल्या चौकातून बाहेर नेलं, काळाकुट्ट अंधार होता आणि माळवदासकट (मातीच्या सपाट छतासकट) भिंत खाली येताना तुम्ही पाहिली. वडील म्हणतात, तू त्या रात्री गावात नव्हतासच, अंबाजोगाईला आजोळी होतास. चुलते म्हणतात, गावातच होता, पण आईजवळ. आजी आता नाहीत. घरच्यांच्या आठवणी एका वहीत उतरवायला सगळे एकत्र बसलात आणि यावरून वडील व चुलते यांच्यात अबोला झाला. तुम्ही शेवटी लिहिलंय, "मी तिथं नव्हतोच, तर माझ्या डोक्यात हे आहे काय?"

तुमच्या घरात कोणी खोटं बोलत नाही, असं धरूनच पुढचं सगळं वाचा. तिघंही मनापासून बोलताय आणि तरी तिघांचं एकाच वेळी बरोबर असू शकत नाही. म्हणून "कोण खरं?" या प्रश्नातून भांडणाशिवाय काही हाती लागणार नाही. विचारायचं ते असं: या चित्रातला कोणता तुकडा कुठून आला? जुन्या आठवणींच्या मुलाखती घेताना मी पूर्ण आठवणीला कधीच खरी किंवा खोटी म्हणत नाही. तिचे तुकडे सुटे करतो आणि एकेक तपासतो. वाकळीत आजीच्या लुगड्याचा तुकडा असतो, आजोबांच्या धोतराचा असतो, कुठून तरी आलेलं अस्तर असतं, आणि सगळ्यावरून एकच दोरा फिरलेला असतो. पांघरणाऱ्याला ती एकच वस्तू वाटते. आठवण तशीच शिवली जाते, आणि दर वेळी काढून पांघरताना तिच्यात एखादा टाका नवा पडतो.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी सांगतो. तुमचं नेमकं वय, तुमच्यासमोर ही गोष्ट किती वेळा सांगितली गेली, घरात भूकंपाचे फोटो किंवा वर्तमानपत्रांची कात्रणं होती का, जुन्या घराची रचना कशी होती, यांवर उत्तर बदलतं.

वयापासून सुरुवात करू. मोठ्या माणसांना विचारलं तर त्यांची सर्वांत जुनी आठवण सरासरी तीन ते साडेतीन वर्षांच्या वयाची निघते. त्याआधीचं बहुतेक पुसलं जातं, कारण त्या वयात भाषा, "मी" ही जाणीव आणि घटना क्रमानं साठवणारी मेंदूची व्यवस्था या तिन्ही अजून घडत असतात. पण ही सरासरी आहे. भूकंपाच्याच वर्षी, म्हणजे १९९३ मध्ये, अशर आणि नाइसर या अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं की धाकट्या भावंडाचा जन्म किंवा दवाखान्यात राहणं अशी घटना काहींना दोन वर्षांच्या वयातलीसुद्धा आठवते. घरातला मृत्यू आणि घर बदलणं यांच्या आठवणी मात्र साधारण तीन वर्षांच्या वयापासून टिकतात. म्हणजे अडीच वर्षांचं मूल त्या रात्रीचा एखादा तुकडा घेऊन मोठं झालं, हे अशक्य नाही. आजीचा कडेवर घेतल्याचा दाब, धुळीचा वास, आरडाओरडा, असं काही. सुरुवात, मधला भाग आणि शेवट असलेली पूर्ण हकिगत मात्र अडीच वर्षांच्या मेंदूकडून आलेली नसते. ती नंतर शिवली गेली.

आता तुमचे तुकडे घेऊ. सर्वांत सोपा अंधाराचा, कारण त्याला पंचांग साक्षीदार आहे. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती विसर्जन करून लोक उशिरा झोपले होते. धक्का बसला तो पहाटे चारला चारेक मिनिटं कमी असताना. चतुर्दशी-पौर्णिमेचा चंद्र त्या वेळी आकाशात होताच, जवळजवळ थेट पश्चिमेला, मावळायला साधारण दीड तास उरलेला. यावरून "चंद्र होता, म्हणजे काळाकुट्ट अंधार खोटा" असा निकाल लगेच देऊ नका. इतका खाली आलेला चंद्र लांब सावल्या पाडतो. चौकाच्या पश्चिमेला बारा फुटांची भिंत किंवा माडी असेल तर तिची सावली तीस फुटांपर्यंत पूर्वेकडे जाते. मधला चौक त्याहून लहान असेल तर तो पूर्ण अंधारातच असणार. त्यात मातीच्या माळवदाची धूळ उठली, किंवा ढग असले, तर आणखी काळोख. उलट दारं-भिंती पडल्यावर, किंवा गल्लीत आल्यावर, उजेड दिसायला हवा. म्हणून वडिलांना आणि चुलत्यांना विचारायचं ते "अंधार होता का?" असं नाही. विचारायचं, की चौकात काय दिसत होतं आणि गल्लीत आल्यावर काय दिसलं. उजेडातला हा फरक ज्याला आपणहून सांगता येतो, त्याचा तो तुकडा प्रत्यक्ष पाहण्यातून आलेला असण्याची शक्यता वाढते, कारण गोष्ट सांगणारे असला तपशील सहसा सांगत नाहीत.

लाल लुगड्याचं पाहू. पौर्णिमेचं चांदणं म्हणजे जेमतेम पाव लक्स (उजेड मोजायचं एकक) उजेड. घरातल्या ट्यूबलाइटखाली तो शंभराच्या पुढे असतो. इतक्या कमी उजेडात डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी फारच कमी काम करतात, मुख्यतः दंडपेशीच पाहतात, आणि त्यांना रंग कळत नाही. त्यातही लाल रंग सर्वांत आधी जातो आणि काळा दिसतो; निळसर-हिरवं मात्र तुलनेनं उजळ दिसतं. चेक शास्त्रज्ञ पुर्किन्ये यांनी एकोणिसाव्या शतकातच हे नोंदवलं. हा प्रयोग येत्या पौर्णिमेला करून पाहा: दिवे बंद करा, अर्धा तास बाहेर बसा, आणि एक लाल व एक हिरवं लुगडं समोर धरा. लाल काळपट दिसेल आणि हिरवं त्याहून उजळ, पण रंग म्हणून ते ओळखणं अवघड जाईल.

तेव्हा काळाकुट्ट अंधार आणि लाल लुगडं ही दोन्ही एकाच क्षणाची असू शकत नाहीत. जवळ कंदील किंवा चिमणी तेवत असेल तर रंग दिसेल, पण मग अंधार काळाकुट्ट राहत नाही. माझा अंदाज, लाल रंग आजींच्या रोजच्या रूपातून आला. त्यांना तुम्ही दिवसाउजेडी शेकडो वेळा पाहिलंय, त्या लाल लुगडं नेसायच्या हे तुम्हाला ठाऊक आहे, आणि मेंदूनं रिकामी जागा ठाऊक असलेल्या रंगानं भरली. डोळा असं रोज करतो. नजरेच्या अगदी मधलं सोडून बाजूचा रंग आणि बारकावे आपल्याला फार कमी दिसतात, तरी सगळं दृश्य रंगीत आणि स्पष्ट वाटतं. आठवण तेच काम मागाहून करते.

भिंत पडताना पाहणं हा सर्वांत नाजूक तुकडा. १९९२ च्या ऑक्टोबरात ॲमस्टरडॅममध्ये मालवाहू विमान इमारतींवर कोसळलं. तो क्षण कोणीही चित्रित केलेला नव्हता. दहा महिन्यांनी क्रोम्बाग आणि सहकाऱ्यांनी १९३ जणांना विचारलं, विमान आदळतानाचं चित्रण टीव्हीवर पाहिलं का? ५५ टक्के लोक हो म्हणाले. त्यांनी नंतरचा ढिगारा पाहिला होता, वर्णनं ऐकली होती, आणि मधला क्षण मनानं तयार केला होता. किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांतले ढिगाऱ्यांचे फोटो तुम्ही लहानपणापासून कुठे ना कुठे पाहिलेले असणार. पडलेली भिंत पाहिलेल्या मनाला "पडणारी भिंत" बनवायला फार कष्ट पडत नाहीत. या चित्रात तुम्ही स्वतःला बाहेरून पाहता का, म्हणजे आजीच्या कडेवरचं मूल तुम्हाला दिसतं का? दिसत असेल तर ते खोटेपणाचं प्रमाण नाही, खऱ्या जुन्या आठवणीसुद्धा पुष्कळदा अशा बाहेरून दिसू लागतात. पण तो तुकडा निदान एकदा तरी नव्यानं मांडला गेलाय, एवढं त्यातून कळतं.

एक गोष्ट तुमच्या घरात कोणाच्या लक्षात आलेली दिसत नाही. किल्लारी भागात १९९२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरातही धक्के बसले होते, आणि भीतीनं लोक घराबाहेर झोपत होते. १९९३ च्या मुख्य धक्क्यानंतरही धक्के चालू राहिले आणि लोक पत्र्याच्या शेडमध्ये राहिले. म्हणजे "रात्री आजीनं उचलून बाहेर नेलं" असं घडण्याच्या निदान तीन संधी होत्या. १९९२ ला तुम्ही दीड वर्षांचे होता, तेव्हाचं राहिलं असण्याची शक्यता फारच कमी. पण १९९३ च्या मुख्य रात्रीनंतरच्या एखाद्या धक्क्यात, वयाच्या पावणेतीन-तिसऱ्या वर्षी, आजीनं तुम्हाला उचलून बाहेर नेलं असेल आणि तो तुकडा नंतर मोठ्या रात्रीला जाऊन चिकटला असेल, तर वडीलही बरोबर आणि तुम्हीही बऱ्याच अंशी बरोबर. घटना टिकते, तारीख निसटते, आणि निसटलेली तारीख जवळच्या सर्वांत मोठ्या घटनेची घेतली जाते. तुमच्या प्रश्नात मला हीच शक्यता सर्वांत मोठी वाटते.

हेच वडिलांनाही लागू आहे. घर पडल्यावर लहान मुलांना पाहुण्यांकडे पाठवणं स्वाभाविक होतं. तुम्हाला ऑक्टोबरात अंबाजोगाईला नेलं असेल, आणि "पोरगा तेव्हा आजोळी होता" हे वाक्य वर्षानुवर्षं बोलून "त्या रात्री आजोळी होता" असं झालं असेल. वडिलांचा ठामपणा हा पुरावा नाही, तसा तुमचाही नाही. याचा सर्वांत स्वच्छ दाखला अमेरिकेतला आहे. २८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजर हे अंतराळयान उड्डाणानंतर फुटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी नाइसर आणि हार्श यांनी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं की बातमी कुठं कळली, कोणी सांगितली, तेव्हा काय करत होता. अडीच वर्षांनी त्यांतल्या ४४ जणांना पुन्हा विचारलं. सगळे मुख्य तपशील अचूक सांगणारे फक्त तीन निघाले. अकरा जणांचं सगळंच चुकलं. आपण आधी असा कागद भरून दिला होता हेसुद्धा बहुतेकांना आठवत नव्हतं. तरी आपल्या आठवणीची खात्री पाचपैकी किती, असं विचारल्यावर सरासरी चारच्या वर आली. स्वतःच्या हस्ताक्षरातला कागद समोर ठेवल्यावरही जुनी खरी आठवण कोणाची परत आली नाही. ही तर ऐकलेल्या बातमीची आठवण. तुमचे वडील आणि चुलते स्वतः ढिगाऱ्यात होते, त्यांच्या मुख्य घटना जास्त पक्क्या असतात: कोण गेलं, कोण वाचलं, कोणाला बाहेर काढलं. कोण नेमकं कुठं झोपलं होतं, असल्या कडेच्या तपशिलांत मात्र त्यांचीही चूक होते.

"किती वेळ हललं" या वादात वेळ घालवू नका. भीतीत काळ लांब वाटतो. सुमारे ३१ मीटर उंचीवरून जाळ्यात पडणाऱ्या माणसांना विचारलं तेव्हा त्यांनी स्वतःचं पडणं दुसऱ्याच्या पडण्यापेक्षा सरासरी ३६ टक्क्यांनी जास्त वेळाचं सांगितलं. प्रत्यक्ष पडताना त्यांना काही हळू दिसत नव्हतं, नंतर तसं वाटलं. दोन मिनिटं आणि पाच मिनिटं, दोन्ही आकडे वहीत लिहा आणि पुढे जा.

इथपर्यंतचं थोडक्यात: अडीच वर्षांच्या वयातला एखादा तुकडा टिकू शकतो, लाल रंग बहुधा दुसरीकडचा, भिंतीचा क्षण संशयास्पद, अंधार चौकाच्या मापावर ठरेल, आणि कडेवर घेऊन धावणं खरं असून तारीख वेगळी असण्याची शक्यता मोठी.

आता वहीचं काम. सर्वांत मोठी चूक आधीच झाली आहे: सगळे एकत्र बसलात. दोन माणसांना एकाच प्रसंगाच्या थोड्या वेगळ्या चित्रफिती दाखवून आपसांत बोलू दिलं, तर १०० पैकी ७१ जण स्वतः न पाहिलेली, दुसऱ्याकडून ऐकलेली बाब नंतर स्वतःची म्हणून लिहितात. २००३ मधल्या गॅबर्ट, मेमन आणि ॲलन यांच्या प्रयोगातलं हे प्रमाण आहे, आणि तिथं एकदाच बोलणं झालं होतं. तुमच्याकडे दर ३० सप्टेंबरला ती रात्र निघत आली आहे. झालेलं पुसता येणार नाही, पण यापुढे प्रत्येकाशी वेगळं बोला. एकाचं दुसऱ्याला सांगू नका, "दादा तर असं म्हणाले" हे वाक्य तर अजिबात नको. पहिला मान सर्वांत वयस्क माणसाचा. एका बैठकीला पाऊण तास पुरे, मोबाइलवर ध्वनिमुद्रण, आणि ते सुरू आहे हे सांगून.

सुरुवात जुन्या घराच्या नकाशानं करा. कागद-पेन्सिल द्या, किती खण, चूल कुठं, दार कुठल्या तोंडाला, कोणाची बाज कुठं, हे काढू द्या. जागा मनात उभी राहिली की तिच्यासोबत बरंच काही आपोआप येतं. गावाचं पुनर्वसन झालेलं असेल तर हे जास्तच गरजेचं, कारण नव्या वसाहतीतलं घर जुन्या आठवणीत शिरून बसतं. मग एकच मोकळा प्रश्न: "त्या रात्रीचं काय काय आठवतं ते सांगा, क्रमानं नसलं तरी चालेल." आणि गप्प राहा. माणूस थांबला तरी मनात दहा आकडे मोजा, बहुतेक वेळा त्यानंतरच नवं काही येतं. मधे तोडलं तर आठवण तुमच्या प्रश्नांच्या मागे चालू लागते.

प्रश्नाचे शब्द तोलून वापरा. १९७४ मध्ये लॉफ्टस आणि पामर यांनी गाड्यांच्या टकरीची चित्रफीत दाखवली. "गाड्या एकमेकींवर जोरात आदळल्या तेव्हा वेग किती होता?" असं एका गटाला विचारलं, दुसऱ्याला "धडकल्या तेव्हा" असं. आठवड्यानं विचारलं, फुटलेली काच पाहिली का? काच फुटलीच नव्हती. पहिल्या गटात ५० पैकी १६ जणांना ती दिसल्याचं आठवलं, दुसऱ्यात ७ जणांना. एका क्रियापदाचा हा परिणाम. तेव्हा "भिंत कोणत्या बाजूला कोसळली?" नको, त्यात भिंत कोसळली हे तुम्हीच सांगून टाकता. "घराचं काय झालं?" एवढंच. "बाळ आईजवळ होतं ना?" हा तर प्रश्नच नाही, ते होकार मागणं आहे. "घरात कोण कोण होतं, एकेकाचं नाव घ्या" असं म्हणा आणि तुमचं नाव यादीत येतं का, कितव्या क्रमांकावर येतं, ते नोंदवा.

मोकळं सांगून झालं की प्रत्येक मुद्द्यावर परत या आणि विचारा: हे स्वतः पाहिलं, कोणाकडून ऐकलं, फोटोत पाहिलं, की असंच असणार म्हणून वाटतं? वहीत प्रत्येक ओळीपुढे "पाहिलं", "ऐकलं", "फोटो", "वाटतं" यांतला एक शब्द लिहा. बऱ्याचदा माणूस स्वतःच थबकतो आणि म्हणतो, हे मला आईनं सांगितलं होतं की काय. त्या थबकण्याची नोंद करा, दुरुस्ती करायला लावू नका. तुमची स्वतःची आठवणसुद्धा, मी वर जे लिहिलंय त्याचा परिणाम होण्याआधीच्या शब्दांत, आज रात्रीच लिहून तारीख घाला. नाही तर महिन्याभरात तुम्हाला चौकात सावली आठवायला लागेल.

कागद वेगळ्या रांगेत तपासा. भूकंपानंतरच्या पंचनाम्यात आणि मदतीच्या कागदांत कुटुंबातल्या माणसांची नावं सापडू शकतात. तुमच्या लसीकरण कार्डावर त्या सुमाराची एखादी नोंद असेल तर ती कुठल्या केंद्रातली ते पाहा. आजोळाहून आलेलं आंतरदेशीय पत्र, तार, मामांची डायरी, काहीही. यांतून तुम्ही त्या रात्री कुठं होता हे कळलं तर उत्तम. नाही कळलं तर वहीत तिघांचं वेगवेगळं राहू द्या, ज्याचं त्याच्या नावाखाली.

बोलताना कोणाचा श्वास वाढला, हात थरथरले, किंवा नंतर दोन-तीन रात्री झोप उडाली, तर तिथंच थांबा आणि पुढची बैठक घाईनं ठरवू नका. सप्टेंबरचा शेवटचा आठवडा या कामासाठी टाळा. कोणाला जास्त त्रास होत असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत बोलता येतं.

आणि तुमच्या शेवटच्या प्रश्नाबद्दल. तुम्ही त्या रात्री अंबाजोगाईला होता असं उद्या कागदावर सिद्ध झालं, तरी तुमच्या डोक्यात जे आहे ते तुम्ही रचलेलं खोटं ठरत नाही. त्यात आजीचं रोजचं लुगडं आहे, आजीनंच कधी तरी उचलून बाहेर नेलेलं असण्याची दाट शक्यता आहे, आणि घरच्यांनी तीस वर्षं सांगितलेलं आहे. वडिलांकडे जाताना हे सगळं बाजूला ठेवा. कोण खरं, हा विषय काढू नका. कोरा कागद घेऊन जा, चौकाची पश्चिमेची भिंत किती उंच होती ते विचारा, आणि आजीची बाज कुठं असायची ते त्यांच्याच हातानं काढू द्या.